‘नळवेळ’ला दुसरा माणूस पाहिजे

तुम्ही नळवेळ वापरता आणि आत बघत नाही. एवढंच माझं म्हणणं आहे. पाणी उद्या आहे की परवा, हे कळलं की मोबाईल खिशात टाकता. अंदाज चुकला की शिव्या घालता. पण आत काय लिहिलंय ते एकदा वाचून बघावं, असं तुमच्यातल्या एकालाही वाटत नाही. दार सताड उघडं ठेवलंय, आणि उंबऱ्याच्या आत कुणी येत नाही.

कुणा एकाला उद्देशून नाही हे. सगळ्यांनाच आहे. जाऊ द्या.

असं चिडून बसलं की किस्से आठवायला लागतात. चारजणांच्या ऑफिसात किस्सा दुपारच्या चहातच संपून जातो. माझ्याकडे शेजारची खुर्चीच नाही, त्यामुळे सगळे तसेच पडून आहेत. आज सांगूनच टाकते.

*

आम्ही तिघं इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो. मी, सचिन आणि इम्रान. दुष्काळाचं वर्ष. जायकवाडी तळाला गेलेलं आणि शहरात नळ कधी सहा दिवसांनी, कधी आठ, कधी त्याहूनही उशिरा. हर्सूलच्या आमच्या घरात बाबा पाणी आलेल्या तारखेला कॅलेंडरवर लाल गोल करायचे. कारकुनी करून निवृत्त झालेला माणूस, नोंद केल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. ते गोल बघताना मला सुचलं की गल्लीगल्लीतल्या लोकांनी आपापल्या मोबाईलवर ‘आलं’ असं बटण दाबलं, तर पुढचं पाणी कधी येणार ते सांगणारा प्रोग्रॅम लिहिता येईल. त्याचं नाव ठेवलं ‘नळवेळ’.

हे ओपन सोर्सच करायचं, असा मी हट्ट धरला. म्हणजे प्रोग्रॅम आतून जसा लिहिलाय तसा सगळाच्या सगळा इंटरनेटवर उघडा ठेवायचा. कुणीही वाचावा, चूक काढावी, दुरुस्ती पाठवावी. मालक कुणीच नाही! कॉलेजच्या कँटीनमध्ये मी यावर वीस मिनिटं बोलले. पाणी सगळ्यांचं तर त्याची माहितीही सगळ्यांची, वगैरे.

सचिन कन्नडकडच्या शेतकऱ्याच्या घरातला. तो शांतपणे समोसा खात ऐकत होता. माझं संपल्यावर त्यानं हात पुसले आणि विचारलं, "व्हय, पण मालक नाय म्हणल्यावर राबायचं कुणी?"

मी त्याला तेव्हा कोत्या मनाचा म्हणाले होते.

*

सुरुवातीच्याच दिवसांत मी एक दुरुस्ती कुणाला न दाखवता आत घातली. घाई होती. मला ती नेहमीच असते. एका ओळीत हर्सूलच्या जागी भलत्याच भागाचा क्रमांक पडला आणि नळवेळनं आमच्या गल्लीला सांगितलं, उद्या सकाळी पाणी.

शेजारच्या जोशी काकूंनी ते वाचलं आणि टाकी धुवायला काढली. बाहेरगावच्या माणसाला हे कळणार नाही, म्हणून सांगते. आपल्याकडे टाकी वाटेल त्या दिवशी धुता येत नाही. तळाचं उरलेलं पाणी सोडून द्यावं लागतं, म्हणून नळ येण्याच्या बरोब्बर आदल्या दिवशी धुवायची असते. काकूंनी तळाचं पाणी कुंड्यांना घातलं, टाकीत उतरून ती आतून घासली, उन्हात कोरडी केली. लख्ख.

पाणी सहाव्या दिवशी आलं.

पाच दिवस काकू आमच्याकडून दोन-दोन कळशा घेऊन गेल्या. रागावल्या नाहीत, त्याचंच जास्त वाईट वाटलं. शेवटच्या दिवशी कळशी कमरेवर घेताना म्हणाल्या, "टाकी मात्र इतकी स्वच्छ कधीच नव्हती गं."

त्या संध्याकाळी मी एक नियम लिहिला आणि प्रोग्रॅमच्या पहिल्याच पानावर लावला. कुणाचंही काम दुसऱ्या माणसानं पूर्ण वाचून ‘बरोबर’ म्हटल्याशिवाय आत जाणार नाही. माझंसुद्धा. हे ‘माझंसुद्धा’ मी मुद्दाम लिहिलं. तेव्हा आम्ही तिघं होतो, लिहायला काही जड गेलं नाही.

*

इम्रान छावणी भागात राहायचा. आणि नेमका छावणीचाच अंदाज सारखा चुकायचा. तिथून पाणी आल्याची पहिली खबर कायम पाऊण तास उशिरा. आम्ही आठवडाभर प्रोग्रॅम उलटासुलटा करून चूक शोधली. सापडली नाही.

शेवटी मी पाण्याच्या दिवशी सकाळी त्याच्या गल्लीत जाऊन उभी राहिले. नळ आले. बादल्या वाजल्या, मोटारी सुरू झाल्या, आणि एकाही माणसानं बटण दाबलं नाही. हंडे भरले, ड्रम भरले, वरच्या टाक्या भरल्या. मग सगळ्यांनी हात पुसून ओळीनं ‘आलं’ दाबलं. आधी सांगितलं तर पुढच्या गल्लीतले लोक मोटारी लावतात आणि इथला दाब जातो, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. फक्त आम्हा तीन इंजिनिअरांना नव्हतं!

इम्रान तर आमचाच माणूस. त्याला विचारलं, तू का नाही दाबलंस?

तो ओशाळून म्हणाला, "अम्मी फोन छीन लेती यार. बोलती, पहले ड्रम, बाद में दुनिया."

*

कॉलेज संपलं आणि सचिनला पुण्यात नोकरी लागली. तिथल्या करारात कलम होतं की नोकरीत असेपर्यंत तो जे काही लिहील ते कंपनीचं. मी म्हणाले, सही करू नकोस. म्हणजे मी हे खरोखर म्हणाले, त्याच्या घरी पाठीमागच्या दोन बहिणी शिकत असताना.

तो चिडला नाही. फोनवर म्हणाला, "मी एक ओळ जरी लिहिली तर ती त्यांची व्हईल. तुझ्या नळवेळमधी कशाला घुसवू त्यांना?" आणि त्यानं स्वतःचं नाव काढून घेतलं. माझ्या तत्त्वासाठी गेला म्हणायचं, की नोकरीसाठी, अजून माझं ठरलेलं नाही.

*

त्याच सुमाराला यानिस आला. युरोपातल्या कुठल्याशा थंड देशातला. देश कोणता ते त्यानं सांगितलं नाही, आडनावही नाही. फोटोच्या जागी एका झिपऱ्या कुत्र्याचं तोंड. मी हरखून गेले. साता समुद्रापलीकडचा माणूस आपल्या नळांसाठी राबतोय, असं भेटेल त्याला सांगत सुटले.

त्याची पहिली दुरुस्ती आली. नीटनेटकी, प्रत्येक ओळीला कारण दिलेलं. त्यानं लिहिलं होतं की पाणी सुरू झाल्याची वेळ ठेवली आहे ते समजलं, नवा नळ जोडल्याची ती तारीख असणार. पण त्याखाली पाणी बंद झाल्याची वेळ लिहायलाही जागा आहे. ती चुकून राहिलेली दिसते. मी काढून टाकली आहे.

मी त्याला दोन पानी पत्र लिहिलं. धरण, जलकुंभ, पाळ्या, पाऊण तास, सगळं. चार दिवस उत्तर नाही. मग ती जागा त्यानं परत होती तिथं आणून ठेवली आणि खाली एकच प्रश्न विचारला. मग मधल्या दिवसांत तुम्ही काय करता?

मी लिहिलं, वाट बघतो.

*

इम्रान वाळूजच्या एका कारखान्यात लागला. आठवड्याला शिफ्ट बदलायची. घरी पोचल्यावर त्याच्यात काही उरायचं नाही, म्हणून माझं काम तो येताना कंपनीच्या बसमध्येच मोबाईलवर वाचायचा.

एकदा मी मोठी दुरुस्ती लिहिली होती. त्यानं खाली शेरा दिला, ‘ठीक लगता है.’

माझं डोकं फिरलं. ‘लगता है’ म्हणजे काय? मी तिथंच, सगळ्यांना दिसेल असं लिहिलं की वाचलं असशील तर बरोबर म्हण, वाचलं नसशील तर गप्प बस, टाकी लोकांची रिकामी होते. ओपन सोर्समध्ये सगळंच उघडं असतं. भांडणसुद्धा.

दुसऱ्या दिवशी त्याचं उत्तर आलं. "पूरा पढा. बस में खडे-खडे पढा, सीट नहीं मिली थी."

त्याखाली, दोन मिनिटांनी, त्यानं नाव काढून घेतल्याची नोंद.

मी ती दुरुस्ती पुन्हा पहिल्यापासून तपासली. त्याचं बरोबर होतं. ते पान अजून तिथं आहे. कुणीही उघडून वाचू शकतं.

*

मग यानिस आणि मी. वर्षभर माझं काम तो वाचायचा, त्याचं मी. बरोबर असलं की तो एक हिरवी खूण करायचा. माझा दिवस त्या खुणेवर चालायचा, हे आता सांगायला हरकत नाही.

एक दिवस खूण आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आठवड्यानं मी विचारलं, बरा आहेस ना? महिन्यानं पुन्हा विचारलं. कंटाळला, आजारी पडला, की त्याचा कुत्रा गेला? विचारायचं कुणाला? त्याच्या गल्लीतलं कुणी मला ओळखत नाही. त्याची गल्ली कुठली, तेही मला माहीत नाही.

आणि नेमकं तेव्हाच माझं सगळ्यात मोठं काम तयार झालं होतं. हर्सूलच्या पलीकडं, जिथं आम्ही लहानपणी ज्वारीची शेतं बघितली, तिथं महिन्याला एखादी कॉलनी उभी राहत होती. नळवेळच्या जुन्या यादीत त्या गल्ल्याच नव्हत्या, तिथल्या लोकांना जवळच्या जुन्या गल्लीचाच अंदाज दिसायचा. लोकांच्या बटणांच्या नोंदी बघून मी सगळ्या भागाचा नवा क्रम बांधला. पाणी आधी कुठं येतं, मग कुठं, मग कुठं. एकशे सहा गल्ल्या. तो उन्हाळ्याआधी आत गेला असता तर नवीन कॉलन्यांतल्या बायकांना नळापाशी दिवसदिवस ताटकळावं लागलं नसतं. नाही गेला तर नळवेळ जवळजवळ निरुपयोगी, बंदच करावं असं.

तो तयार होता. वाचायला दुसरा माणूस नव्हता. ‘तपासणीच्या प्रतीक्षेत’ असं लिहिलेलं ते पान मी चौदा आठवडे रोज सकाळी उघडून बघितलं.

*

मधल्या काळात एक स्थळ बघायला आलं. मुलाच्या मामांनी विचारलं, काय करता. मी एका क्लासमध्ये शिकवते, ते सांगितलं. बाबांना तेवढ्यावर राहवेना. ते म्हणाले, मोबाईलवर ते नळवेळ आहे ना, ते हिनंच केलंय.

मामा एकदम सावरून बसले. "अस्सं! म्हणजे ते तुम्ही आहात का?" आणि खिशातून मोबाईल काढून त्यांच्या नव्या कॉलनीचं काय काय चुकतं, ते त्यांनी पंधरा मिनिटं दाखवलं. पोहे गार झाले. मामांचं सगळं खरं होतं आणि ते सगळं मी दुरुस्त करून ठेवलेलं होतं. फक्त आत गेलेलं नव्हतं. हे समजावून सांगायला गेले तर मामा म्हणाले, मग घाला की आत, अडवलंय कुणी?

निघताना मुलाच्या आईनं विचारलं, तुमच्याबरोबर कोण कोण असतं यात?

मी पान उघडून दाखवलं. फोटोंचे चार गोल. एकात मी, एकात कुत्रा, आणि नाव काढून घेतलेल्यांचे दोन करडे.

नकार आठवड्याच्या आत आला. मामांच्या तक्रारी मात्र अजून येतात.

*

शेवटी मी मनोहरला जन्माला घातलं.

म्हणजे दुसरं खातं उघडलं. नाव मनोहर, फोटोच्या जागी एक डोंगर. बेत साधा होता. मनोहर येणार, ‘बरोबर’ म्हणणार, काम आत जाणार. नियमही मोडत नाही, दोन नावं आहेतच की! दुपारी जेवण झाल्यावर मी मनोहर होऊन बसले. पण नुसतं ‘बरोबर’ म्हणणं जिवावर आलं. म्हटलं, निदान वाचावं तरी.

तिसऱ्या पानावर मनोहरनं लिहिलं, ‘इथं घाई झालेली दिसते.’

मला राग आला. मी माझ्या खात्यातून उत्तर दिलं की यात घाई नाही, विचार आहे. मनोहर म्हणाला, विचार दिसत नाही. चार वाजेपर्यंत आमची अशी जुंपली होती की चहा घेऊन आलेली आई दारातच थांबली. कुणाशी एवढं चाललंय, तिनं विचारलं.

"मनोहरशी."

"मग घरी बोलाव की त्याला एकदा," आई कप ठेवत म्हणाली. "समोर बसल्यावर मिटतं."

पाच वाजता मनोहरनं माझं काम नामंजूर केलं. त्यानं काढलेली चूक खरी होती. ती मी सुधारली, आणि मनोहरला त्याच संध्याकाळी पुसून टाकलं. पुढचे बरेच दिवस मला त्याची आठवण यायची.

*

आता शेवटचा.

क्रम वाचणारा कुणी मिळेना, तेव्हा मला उशिरानं सुचलं की हा क्रम खरा ठाऊक असलेला एक माणूस शहरात आहे. जो व्हॉल्व्ह उघडतो तो. जोशी काकूंनी सांगितलं की आपल्या भागाचे गफूरचाचा, पाण्याच्या दिवशी सकाळी सातला जेलच्या रस्त्यावर येतात. मी एकशे सहा गल्ल्यांची यादी कागदावर छापून घेतली आणि जाऊन उभी राहिले.

चाचा सायकल हातात धरून चालत आले. सायकलीला आडवी बांधलेली माणसाएवढ्या उंचीची लोखंडी चावी, वरच्या टोकाला दोन हातांनी धरायचा दांडा. दाढी पांढरी, खांदा एका बाजूला झुकलेला. मी घाईघाईनं सगळं सांगितलं. नळवेळ, क्रम, चौदा आठवडे, नियम. यातलं किती पोचलं कोण जाणे. कागद पुढं केला तर त्यांनी मान हलवली. चष्मा घरी होता.

"पढ," ते म्हणाले.

मी व्हॉल्व्हच्या झाकलेल्या खड्ड्याच्या कडेला बसून वाचायला लागले. चाचा सायकलीला टेकून, रस्त्याकडं बघत ऐकत होते. मला वाटलं, दहाबारा गल्ल्यांनंतर कंटाळतील. चाळिसाच्या पुढं गेल्यावर त्यांनी हात वर केला.

"रुक. ये उलटा है." त्यांनी बोटानं उताराची बाजू दाखवली. "पानी पहले नीचे की बस्ती में उतरता. लेकिन उनके पास मोटर नहीं, भरने कू टाइम लगता. तेरे कू खबर बाद में देते. मोटर वालों का जल्दी भरता, वो पहले बोलते. तेरी लिस्ट में मोटर वाले पहले आ गए."

नोंदी सगळ्या खऱ्या होत्या आणि क्रम चुकीचा होता. सचिन, इम्रान, यानिस, मनोहर, यांतल्या कुणालाही तो सापडला नसता. तसाच आत गेला असता तर खालच्या वस्तीला पाणी येऊन गेल्यावर निरोप मिळाला असता.

अशा तीन जागा निघाल्या. मी पेन्सिलनं त्या फिरवल्या आणि सवयीनं म्हणाले, चाचा, आता पुन्हा पहिल्यापासून वाचते. त्यांनी घड्याळ बघितलं, आणि सायकल स्टँडवर लावली. एकशे सहाच्या एकशे सहा गल्ल्या त्यांनी दुसऱ्यांदा ऐकल्या. एकदाही मधे बोलले नाहीत. शेवटची गल्ली संपल्यावर म्हणाले, "हौ. अब बराबर."

मी मोबाईल काढला. पान उघडलं. तपासणाऱ्याचं नाव लिहायच्या चौकटीत खातं लागतं, आणि खात्याला ईमेल लागतो. चाचांकडं दोन्ही नाही. माझ्या नियमात हे बसतं का, बसलं तर लिहायचं कसं, मी तिथंच उभी राहून विचार करत होते. तोवर चाचांनी चावी सोडवली होती, झाकण बाजूला सरकवलं होतं. चावी खाली उतरवून ती नीट बसली का, ते त्यांनी हलवून पाहिलं. मग दोन्ही हात दांड्यावर ठेवून ते माझ्याकडं बघत थांबले.

"फोन रख," ते म्हणाले. "यहाँ एक घुमाता, एक गिनता, ऐसा कायदा है. गिनने वाला रिटायर हुआ, उसकी जागा पे कोई आया नहीं. पैंतीस फेरे होते. मैं घुमातूँ, तू गिन."